बॅटरीत वीज किती उरली? : साठवलेल्या सौरविजेचा हिशेब ठेवणाऱ्या आज्ञावलीविषयी

संस्थेच्या स्मरणिकेत तांत्रिक विषयावर लेख द्यावा की देऊ नये, याबद्दल आमच्यातच दोन मते होती. परंतु अभ्यासिकेतील सौर संचाच्या बाबतीत २०२३ सालच्या पावसाळ्यात जे घडले, त्याची चौकशी सभासद अजूनही करतात. शिवाय अभियांत्रिकी, पदविका व आय.टी.आय.ला जाणारी आपली मुले 'या क्षेत्रात कोणते काम मिळते?' असे विचारतात. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडत असल्यामुळे हा लेख लिहिण्याचे आम्ही मान्य केले.

प्रथम घडलेली हकीकत सांगतो. आपल्या अभ्यासिकेचे दिवे, पंखे व संगणक संध्याकाळी सहा ते अकरा बॅटरीवर चालतात. बॅटरी संपली तर संच आपोआप बाहेरच्या विजेवर जातो. जुलै महिन्यात एका रात्री पावसामुळे बाहेरची वीज गेलेली होती. भिंतीवरच्या फलकावर बॅटरी ४१ टक्के दिसत होती, म्हणून कोणीच चिंता केली नाही. पावणेनऊच्या सुमारास एकाएकी सगळे बंद पडले. स्पर्धा परीक्षेला बसणारी तीस-पस्तीस मुले मोबाइलच्या उजेडात पुस्तके आवरून घरी गेली. पुढच्या आठ दिवसांत असे आणखी दोनदा झाले. संच पुरवणाऱ्यांनी येऊन पाहणी केली, 'बॅटरी गेली, नवी घ्यावी लागेल' असे सांगितले आणि सव्वा लाख रुपयांचे दरपत्रक हातात ठेवले. कार्यकारिणीने वर्गणीचे आवाहन केले व सभासदांनी ती दिलीही. पैसे देण्यापूर्वी आपणच एकदा तपासून पाहावे, असा आग्रह अभ्यासिकेतल्याच दोन माजी विद्यार्थ्यांनी धरला.

त्यांनी जे शोधून काढले ते समजण्यासाठी आधी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. बॅटरीत वीज किती उरली आहे, हे थेट मोजण्याचे कोणतेही साधन नाही. पाण्याच्या टाकीत डोकावता येते, धान्याच्या कणगीत हात घालता येतो. बॅटरीत तसे काही करता येत नाही. ती स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरसारखी आहे. सिलिंडर भरलेला असो की संपत आलेला, शेगडीची ज्योत जवळजवळ सारखीच जळते आणि एक दिवस पोळ्या तव्यावर असताना फुस्स होते. म्हणून घरोघरी बायाबापड्या काय करतात? सिलिंडर लावला त्या दिवशी कॅलेंडरवर तारीख लिहितात. 'लावून सव्वीस दिवस झाले, मध्ये पाहुणे येऊन गेले, आता चार-पाच दिवसांचाच उरला' असा त्यांचा हिशेब असतो आणि तो बहुधा बरोबर येतो. बॅटरीवर लक्ष ठेवणारी आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, नेमके हेच करते. आत किती आले आणि बाहेर किती गेले, याची ती वही ठेवते.

जुन्या शिशाच्या बॅटरीच्या बाबतीत काम थोडे सोपे होते. ही बॅटरी फ्रान्समधील गास्ताँ प्लांते यांनी १८५९ साली तयार केली. बारा व्होल्टची अशी बॅटरी पूर्ण भरलेली व शांत असेल तर सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, आणि रिकामी होऊ लागली की हा आकडा बारापर्यंत व त्याखाली उतरतो. गॅरेजमधला जाणता मिस्त्री मीटर लावून अंदाज सांगू शकतो. मात्र ही बॅटरी वारंवार तळापर्यंत वापरली तर लवकर मरते. आपल्या अभ्यासिकेने २०११ साली घेतलेल्या पहिल्या चार बॅटऱ्या दोन वर्षेही टिकल्या नाहीत, त्याचे कारण हेच होते. हिरवा दिवा लागला म्हणजे भरली, असे आम्ही समजत होतो.

आताची बॅटरी लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीची आहे. या पदार्थाचा बॅटरीसाठी उपयोग होऊ शकतो, हे अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातून पुढे आले. यातले जॉन गुडइनफ यांना पुढे २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. ही जात टिकाऊ आहे, उष्णता तुलनेने चांगली सोसते, आणि म्हणूनच आज सौरऊर्जा साठवण्यासाठी तिचा फार वापर होतो. पण तिचा एक स्वभाव आज्ञावली लिहिणाऱ्याला रडवतो. वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत तिच्या एका सेलचा दाब ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपासच राहतो. म्हणजे व्होल्ट पाहून ती तीस टक्के आहे की सत्तर, हे सांगणे जवळजवळ अशक्य. त्यातच पंखे चालू असतील तर व्होल्ट थोडे खाली येतात, बंद केले की हळूहळू वर चढतात. सिलिंडरची ज्योत बघण्यासारखाच हा प्रकार.

तेव्हा उरते ती वही. आपल्या बॅटरीत असे १६ सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. १६ गुणिले ३.२ म्हणजे ५१.२ व्होल्ट. क्षमता १०० अँपिअर-तास, म्हणजे सुमारे ५.१ युनिट वीज. तारेतून दर क्षणी किती अँपिअर जातात ते एक छोटा संवेदक मोजतो आणि आज्ञावली त्याची बेरीज-वजाबाकी करत राहते. दहा अँपिअर एक तास गेले, तर दहा अँपिअर-तास वजा. गणित चौथीच्या मुलाला येईल असे आहे.

घोटाळा मोजमापात आहे. समजा, संवेदक ०.१ अँपिअरने चुकतो. दहा-बारा अँपिअरच्या वापरात हा दोष कोणाच्या नजरेस येणार नाही. पण वही चोवीस तास चालू असते. ०.१ गुणिले २४ म्हणजे दिवसाला २.४ अँपिअर-तास, आणि सतरा दिवसांत ४०.८. शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत ही ४१ टक्क्यांची चूक झाली! प्रत्येक नोंदीतली चूक नगण्य असते, पण ती नेहमी एकाच बाजूला पडत असल्याने साचत जाते. उधारीच्या वहीत वाण्याने रोज चार आणे विसरावेत, तसे.

ही चूक सुधारण्याचा हमखास मार्ग एकच. बॅटरी अधूनमधून काठोकाठ भरायची. अगदी वरच्या टोकाला सेलचे व्होल्ट झपाट्याने चढून ३.६ च्या घरात जातात आणि आत जाणारा प्रवाह आटतो. तेथे मात्र शंका उरत नाही. आज्ञावली त्या क्षणी मागचा सगळा हिशेब पुसून '१०० टक्के' लिहिते. नवा सिलिंडर लावला की कॅलेंडरवर नवी तारीख पडते, तसेच हे.

आता आमच्या दोन मुलांनी काय केले ते सांगतो. बॅटरीच्या आत असलेल्या नियंत्रक पट्टीला बाहेर माहिती देण्यासाठी एक जोडणी असते. ती मॉडबस या पद्धतीने बोलते. ही पद्धत १९७९ सालची आहे आणि आजही कारखान्यांतून सर्रास चालते. त्यांनी तिला तळहाताएवढा रास्पबेरी पाय संगणक जोडला आणि पायथन भाषेत साधारण साठ ओळींची आज्ञावली लिहून दर मिनिटाला सगळ्या सोळा सेलचे व्होल्ट, प्रवाह व तपमान फाइलमध्ये उतरवून घेतले. त्याच सुमारास आमच्यातल्या, पूर्वीच्या वीज मंडळातून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी रात्री सगळे बंद असताना तारेत मल्टिमीटर घालून पाहिले. नियंत्रक ०.० अँपिअर सांगत होता, मीटर ०.१ च्या थोडे वर दाखवत होता. दिवसाही तेवढाच फरक.

आणि बॅटरी शेवटची पूर्ण केव्हा भरली होती? नोंदी सुरू झाल्यापासून एकदाही नाही. जून अखेरपासून आभाळ भरलेले होते. दिवसभरात पॅनेलमधून जेमतेम निम्मी-पाऊण बॅटरी भरायची आणि संध्याकाळी ती वापरली जायची. 'बॅटरी फक्त उन्हावरच भरावी, बाहेरच्या विजेवर नको', ही मांडणी आम्हीच बिल वाचवण्यासाठी आग्रहाने करून घेतली होती. यात पुरवठादाराला दोष देता येणार नाही. मात्र याचा परिणाम काय होईल, हे त्यांनीही सांगितले नव्हते.

दुसरी गोष्ट त्याहून लक्षात राहण्यासारखी निघाली. बंद पडण्याच्या वेळी पंधरा सेल ३.० व्होल्टच्या आसपास होते. अकरा क्रमांकाचा सेल मात्र २.५ पर्यंत घसरला होता. याखाली सेलला कायमची इजा होऊ शकते, म्हणून नियंत्रकाने सगळी बॅटरीच तोडली. एकापुढे एक जोडलेल्या सेलमध्ये सर्वांत कमी भरलेला जो असेल तोच सर्वांची मर्यादा ठरवतो. मग तो सेल खराब होता काय? नाही, तो मागे पडलेला होता. सेल एकसारखे राखण्यासाठी नियंत्रक पुढे गेलेल्या सेलमधली थोडी वीज एका छोट्या रोधातून उष्णता म्हणून घालवतो आणि मागच्यांना बरोबरीला येऊ देतो. पण कोण पुढे व कोण मागे, हे व्होल्टवरून फक्त वरच्या टोकालाच कळते. बॅटरी तेथे पोचलीच नाही, त्यामुळे समतोलाचे कामही महिनाभर झाले नव्हते.

पुढे सलग दोन रात्री बाहेरच्या विजेवर बॅटरी सावकाश पूर्ण भरून तशीच ठेवली. अकरा नंबर बरोबरीला आला. तिसऱ्या दिवशी मोजून उतरवली, तर ९६ अँपिअर-तास मिळाले. बॅटरी ठणठणीत होती.

विद्यार्थी मित्रांनी येथे एक पायरी पुढे यावे. पूर्ण भरणे हा उपाय नेहमी परवडत नाही, म्हणून चांगल्या आज्ञावलीत दोन साक्षीदारांची साक्ष एकत्र घेतात. पहिला साक्षीदार वही; क्षणाक्षणाला अचूक, पण दिवसेंदिवस बहकणारा. दुसरा साक्षीदार व्होल्ट; तो बहकत नाही, पण मधल्या पट्ट्यात मुका असतो. कोणाचे किती ऐकायचे, याचे गणित रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० साली मांडले. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या दिशादर्शनात ते वापरले गेले. त्याचा गाभा असा की, आज्ञावलीने केवळ उत्तर ठेवायचे नाही, तर त्या उत्तराबद्दल आपल्याला किती शंका आहे हा आकडाही सोबत वागवायचा. दिवस जातील तशी शंका वाढते. व्होल्टची विश्वसनीय साक्ष मिळाली की कमी होते. आमच्या भिंतीवरच्या फलकाला शंकाच नव्हती. सतराव्या दिवशीही तो पहिल्या दिवसाच्याच खात्रीने '४१' म्हणत होता. खरे उत्तर '० ते ४५ च्या दरम्यान' असे होते, आणि तसे लिहिले असते तर कोणीतरी मेणबत्त्या आणून ठेवल्या असत्या.

या कामातल्या चुका कशा असतात, याचे दोन नमुने मुद्दाम देतो, कारण वर्गात ते सहसा सांगितले जात नाहीत. वही मिलिअँपिअर-सेकंदांत ठेवण्याची पद्धत आहे. १०० अँपिअर-तास म्हणजे ३६ कोटी मिलिअँपिअर-सेकंद. साधारणतः वापरल्या जाणाऱ्या ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात २१४ कोटींच्या थोडे वर एवढाच आकडा मावतो. म्हणजे ५९६ अँपिअर-तासांपर्यंत सारे ठीक; कोणी सहाशेची बॅटरी जोडली की आकडा उलटून एकदम उणे होतो. लहान बॅटरीवर वर्षभर चाचणी घेतली तरी ही चूक दिसणार नाही. दुसरा नमुना तपमानाचा. बहुतेक ठिकाणी वापरला जाणारा संवेदक थंडीत जास्त रोध दाखवतो. त्याची तार तुटली तर रोध अनंत होतो, आणि भोळ्या आज्ञावलीला वाटते की बॅटरी बर्फासारखी गार आहे. ती थंड करणारा पंखा बंद करते! म्हणून वाचलेला आकडा शक्य कोटीतला आहे काय, हे आधी तपासायचे, आणि नसेल तर पुरवठा सुरक्षितपणे बंद करायचा. या क्षेत्रातल्या आज्ञावलीचा मोठा भाग अशा 'समजा, असे झाले तर' मध्येच खर्च होतो.

एवढे सगळे एका अभ्यासिकेपुरते. देशाच्या पातळीवर हाच प्रश्न किती मोठा आहे, तेही पाहू. विजेच्या प्रश्नाशी आपले नाते जुने आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे सार्वजनिक बांधकाम व वीज हे विषयही होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यासंबंधीच्या धोरण समितीपुढे त्यांनी स्वस्त व मुबलक विजेचा संबंध देशाच्या औद्योगिकीकरणाशी व दारिद्र्य निवारणाशी जोडून दाखवला. त्या काळात प्रश्न वीज निर्माण करण्याचा होता. आज त्यात वेळेची भर पडली आहे. सौरवीज दुपारी मुबलक असते, आणि मागणी दिवेलागणीला चढते, तेव्हा ती नसते. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट भारताने २०२१ साली जाहीर केले; दुपारची वीज संध्याकाळपर्यंत राखून ठेवल्याखेरीज त्याचा पुरा उपयोग होणार नाही.

राखून ठेवण्याचा जुना मार्ग पाण्याचा. आपल्या महाराष्ट्रात घाटघर येथे २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. मागणी कमी असताना खालच्या धरणातले पाणी वरच्या धरणात चढवायचे आणि गरजेच्या वेळी तेच सोडून वीज करायची. नवा मार्ग बॅटरीचा. छत्तीसगढमधील राजनांदगाव येथे १०० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला ४० मेगावॅट, १२० मेगावॅट-तासांची बॅटरी जोडली असून तो २०२४ साली राष्ट्राला अर्पण झाला. एका सेलमध्ये एक युनिट धरले तरी हे सव्वा लाखाच्या आसपास सेल होतात. आमच्या सोळांत एक मागे पडला तर काय झाले ते आपण पाहिलेच. म्हणून तेथे आज्ञावली थरांनी रचतात. खालचा थर सेलवर नजर ठेवतो, मधला कपाटांवर, आणि सर्वांत वरचा थर उद्याचे ऊन, उद्याची मागणी व विजेचा दर पाहून केव्हा भरायचे व केव्हा सोडायचे ते ठरवतो.

हे काम किती जलद होऊ शकते, याचे उदाहरण दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेल येथे दिसले. तेथे २०१७ च्या डिसेंबरात १०० मेगावॅटची बॅटरी सुरू झाली. त्याच महिन्याच्या १४ तारखेला दूर व्हिक्टोरिया राज्यातला कोळशावरचा सुमारे ५६० मेगावॅटचा संच अचानक बंद पडला आणि जाळ्याची वारंवारता घसरू लागली. बॅटरीने तिची घसरण ओळखून क्षणार्धात ७.३ मेगावॅट वीज सोडली. ती भर लहानच होती, पण ती द्यायला कोणी माणूस बटन दाबायला गेला नव्हता.

आणि उलट उदाहरण कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंगचे. ४ सप्टेंबर २०२१ रोजी तेथील ३०० मेगावॅटच्या बॅटरी-इमारतीत हवा खेळवणाऱ्या यंत्राचे एक बेअरिंग निकामी होऊन थोडा धूर झाला. धूर ओळखणाऱ्या यंत्रणेची आज्ञावली चुकीची भरली गेली होती. ठरवलेल्या पातळीपेक्षा कमी धुरालाच तिने पाणी सोडण्याची तयारी केली. काही नळांचे सांधे गळके होते. पाणी थेट बॅटऱ्यांवर पडून सुमारे सात टक्के संच खराब झाले. सुरुवात बॅटरीपासून झालीच नव्हती. रक्षणासाठी नेमलेल्या आज्ञावलीतल्या एका चुकीच्या आकड्याने ते नुकसान ओढवले. (त्याच ठिकाणी जानेवारी २०२५ मध्ये लागलेली मोठी आग ही वेगळी घटना.)

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी आमचे मत असे की, केवळ संगणक शिकून येथे भागत नाही आणि केवळ वीज शिकूनही नाही. ज्याने आय.टी.आय.मध्ये हाताने तारा जोडल्या आहेत, त्याला तुटलेली तार डोळ्यांपुढे दिसते. वातानुकूलित खोलीत बसून कोड लिहिणाऱ्याला ती सुचत नाही. म्हणून वायरमनच्या मुलाने वा मुलीने स्वतःला कमी लेखू नये. नियंत्रक पट्टीवर सी भाषा चालते, वरच्या थरात पायथन. पायबॅम नावाची बॅटरीचे गणिती अनुकरण करणारी मुक्त आज्ञावली फुकट उतरवून घेता येते. खरी बॅटरी न जाळता तिच्यावर हवे तितके प्रयोग करावेत. मात्र खऱ्या बॅटरीला हात लावायचा तो जाणकाराच्या देखतच. ५१ व्होल्टचा झटका कदाचित सोसेल, पण दोन टोकांवर पडलेला पान्हा सोसत नाही.

अभ्यासिकेत आज तीच बॅटरी आहे. पावसाळ्यात दर दुसऱ्या शनिवारी रात्री ती बाहेरच्या विजेवर पूर्ण भरली जाते. बिलात त्याने पडणारी भर किरकोळ आहे. फलक बदललेला नाही, पण त्याच्याखाली मुलांनी दुसरा लावला आहे. त्यावर दोन आकडे दिसतात, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, व शेवटची पूर्ण भरल्याची तारीख. त्यांनी जमा केलेल्या नोंदी व ती साठ ओळींची आज्ञावली ग्रंथपालांकडे पेन ड्राइव्हवर ठेवली आहे. कोणाही विद्यार्थ्याने मागून घ्यावी. नव्या बॅटरीसाठी जमलेली वर्गणी बँकेत तशीच असून, तिचे काय करायचे हा विषय येत्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर घेतला आहे.